स्कॉटलंडची सोळा आसनी मिनीबस सहल: साठीच्या दांपत्याने स्वतः आखावी का?

माहुलीकर, सातारा

नमस्कार. मी साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेतून इतिहासाचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. पत्नी आणि मी पुढील वर्षी मे किंवा सप्टेंबर महिन्यात स्कॉटलंडला जाण्याचा विचार करीत आहोत. आमच्या परिचयातील बहुतेक मंडळी मोठ्या पर्यटन कंपन्यांबरोबर परदेशी जातात. चाळीस-पन्नास जणांची बस, सोबत मराठी बोलणारा व्यवस्थापक आणि रात्री वरण-भात असा तो बेत असतो व त्यात काही वावगे आहे असे मी म्हणत नाही. परंतु मी चाळलेल्या माहितीपत्रकांत लंडनसह सारे ब्रिटन एकाच दौऱ्यात उरकलेले दिसते आणि स्कॉटलंडच्या वाट्याला दोन-तीन दिवस येतात. आम्हाला मात्र शहरे थोडी आणि डोंगर, सरोवरे व खेडी अधिक पाहायची आहेत.

एडिंबरा आणि ग्लासगो येथून निघणाऱ्या सोळा आसनी मिनीबसच्या सहलींविषयी मी वाचले. त्यांच्या किमती प्रथमदर्शनी इतक्या कमी वाटतात की त्यात नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, हे कोणी अनुभवी व्यक्तीने उलगडून सांगितल्यास बरे होईल. विमानाचे भाडे व व्हिसाचा खर्च वगळता दोघांचे मिळून साधारण अडीच लाख रुपयांत आठवडाभराचा प्रवास बसवायचा आहे. पत्नीचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार चढ-उतार जमणार नाहीत. ती शुद्ध शाकाहारी असून अंडेही खात नाही. मी स्वतः कास आणि ठोसेघरच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे गाडी चालवीत आलो आहे, तेव्हा तेथे गाडी भाड्याने घेणे अधिक सोयीचे होईल का, हाही प्रश्न मनात आहे.

एक लहानशी हौसही आहे. महाबळेश्वरच्या माल्कम पेठेचा सर जॉन माल्कम आणि साताऱ्याचा पहिला रेसिडेंट ग्रँट डफ हे दोघेही स्कॉटलंडचे. त्यांच्या गावांपैकी एखादे वाटेवर पाहता येईल का?

हरिपूरकर, सांगली

सर, नमस्कार. मुलगा एडिंबऱ्यात शिकत असताना आम्ही उभयतांनी अशी सहल केलेली आहे, त्यामुळे पैशांचा हिशेब आधी मांडतो.

या सहलींची जाहिरातीतील किंमत ही गाडीतील जागेची आणि चालकाच्या वेळेची किंमत असते. चालक हाच मार्गदर्शक असतो व गाडी हाकता हाकता तो कानाजवळच्या मायक्रोफोनवरून बोलत राहतो. मुक्काम, जेवण, किल्ल्यांची प्रवेशशुल्के आणि लॉख नेस या सरोवरावरील नौकेचे तिकीट हे सारे बहुधा निराळे असते. रॅबीज या कंपनीच्या गाडीत सोळाच प्रवासी घेतात आणि मुक्कामासाठी होस्टेल, घरगुती बी अँड बी किंवा हॉटेल यांतून आपल्याला निवड करता येते. मॅकबॅकपॅकर्सच्या सहली होस्टेलच्या मुक्कामावर बेतलेल्या असल्याने स्वस्त पडतात, परंतु त्यांचा सूर तरुणांचा आहे आणि आपल्या वयाच्या माणसाला रात्री दहा वाजता झोप हवी असते. एडिंबऱ्याहून एका दिवसाच्या सहलीला माणशी साधारण ५० ते ७० पौंड पडतात, तर तीन दिवसांची स्काय बेटाची सहल २०० ते ३०० पौंडांच्या दरम्यान जाते. तिच्यात दोन रात्रींचा मुक्काम आणि जेवण मिळवले की जाहिरातीतील आकडा जवळजवळ दुप्पट होतो, असे धरूनच चालावे. तरीही अडीच लाखांत आपले गणित बसते, कारण खर्चाचा मोठा भाग प्रवास नव्हे तर रात्रीची खोली खाते आणि खोलीचा दर महिन्यावर ठरतो.

म्हणूनच मे किंवा सप्टेंबर हा आपला विचार योग्य आहे. ऑगस्टमध्ये एडिंबऱ्यात १९४७ पासून चालत आलेला कलामहोत्सव आणि त्याच्या जोडीचा फ्रिंज महोत्सव भरतो, त्या काळात साध्या खोलीचे दर ऐकूनही घाम फुटतो. शिवाय २४ जुलै २०२६ पासून एडिंबरा शहरात खोलीच्या भाड्यावर ५ टक्के पर्यटक कर सुरू होत असून तो सलग मुक्कामाच्या पहिल्या पाच रात्रींपुरता आहे. पश्चिमेकडील डोंगराळ भागात वसंत ऋतूचा शेवट तुलनेने कोरडा असतो, त्यामुळे दोन्हींतून एकच निवडायचा झाला तर मी मे निवडेन. मात्र डोंगरउतारांवरचा जांभळा हेदर फुललेला पाहायचा असेल तर ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबरचा आरंभ हा त्याचा काळ, म्हणजे आपल्या कासच्या हंगामाशी तो बराचसा जुळतो. कास सोडून तिकडे जायचे की नाही, हे आपणच ठरवा.

पावसाचे गणित सातारकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. महाबळेश्वरात कोसळणारा पाऊस माण तालुक्यापर्यंत पोहोचत नाही, तसेच तेथेही पश्चिमेचे फोर्ट विल्यम चिंब असते आणि पूर्वेचे एडिंबरा त्या मानाने कोरडे. फरक इतकाच की तेथे वारा फार असल्यामुळे छत्री उलटी होते, म्हणून टोपीचे जलरोधक जाकीट आणि पाणी न शिरणारे बूट यांवरच पैसे खर्च करावेत.

गाडी भाड्याने घेण्याविषयी सांगायचे तर भारतीय परवान्यावर तेथे बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते आणि वाहतूकही आपल्यासारखी डाव्या बाजूने आहे. परंतु उत्तरेकडे अनेक रस्ते एकाच गाडीपुरते आहेत. ठरावीक अंतरावर रस्त्याच्या कडेला थोडा फुगवटा असतो, त्यावर पांढरी पाटी असते आणि समोरून वाहन आले की ज्याला तो फुगवटा जवळ असेल त्याने थांबायचे. पलीकडचा चालक सुकाणूवरून एक बोट उचलून आभार मानतो व पुढे जातो. मागून येणाऱ्या घाईतल्या गाडीलाही त्याच जागी वाट द्यावी लागते. हे सारे सुरळीत चालते, पण चालवणाऱ्याची नजर दिवसभर रस्त्यावरच खिळलेली राहते. सर, आपण डोंगर पाहायला जाणार आहात. गाडी दुसऱ्याने चालवलेलीच बरी.

व्हिसा हाती येण्यापूर्वी परत न मिळणारे कोणतेही पैसे भरू नका. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निर्णयाला सर्वसाधारणपणे तीन आठवडे लागतात. बोटांचे ठसे पुण्याच्या केंद्रात देता येतात. शेतजमीन दाखवणार असाल तर सातबारा उतारा मराठीत असतो, त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. बँकेच्या कार्डाने पौंडांत पैसे भरताना साडेतीन टक्क्यांपर्यंत वरकड कापली जाऊ शकते, हेही हिशेबात धरावे.

विश्रामबागच्या काकू, सांगली

हरिपूरकर भाऊंनी हिशेब नीट सांगितला आहे, तेव्हा खाणे आणि खोली या दोन गोष्टी मी वहिनींसाठी लिहिते. माझी मुलगी ग्लासगोला नोकरीस असून तेथील घरगुती निवासांत मी राहिले आहे.

बी अँड बी म्हणजे कोणाच्या तरी घरातील खोली आणि सकाळची भरपेट न्याहारी. ही घरे जुनी असतात, जिने अरुंद व उभे असतात आणि लिफ्ट बहुधा नसते. गुडघे दुखत असतील तर खोली ठरवतानाच तळमजल्याची मागणी लिहून कळवावी आणि स्नानगृह खोलीतच आहे की सामायिक आहे, हेही विचारून घ्यावे. सामायिक असल्यास खोली स्वस्त मिळते, पण रात्री उठावे लागणाऱ्या माणसाला ती बचत महाग पडते. होस्टेलांतही दोघांसाठी स्वतंत्र खोल्या असतात, मात्र त्या थोड्याच असल्याने लवकर भरतात.

सहलीची गाडी साधारण दीड-दोन तासांनी थांबते व प्रत्येक थांब्यावर स्वच्छतागृह कोठे आहे हे चालक आधीच सांगतो. काही ठिकाणी शुल्क आकारतात, म्हणून थोडी नाणी जवळ असू द्यावीत. सामान माणशी एक मध्यम बॅग इतकेच घ्यावे, कारण गाडीच्या मागच्या कप्प्यात सोळा जणांच्या बॅगा बसवायच्या असतात आणि मोठी ट्रंक-बॅग पाहून चालकाचा चेहरा पडतो.

आता खाणे. शाकाहारी माणसाची स्कॉटलंडमध्ये उपासमार होत नाही, परंतु अंडेही वर्ज्य असेल तर प्रत्येक ठिकाणी स्पष्ट विचारावे लागते. एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. तेथे मसुरीचे घट्ट सूप जागोजागी मिळते आणि ते पाहून आपल्याला आमटीच आठवते, पण पारंपरिक पद्धतीत ते डुकराच्या हाडांच्या रसात शिजवतात. तेव्हा मसूर दिसली म्हणून निर्धास्त होऊ नये, रस कशाचा आहे हे विचारावे. हॅगिस हा त्यांचा मांसाहारी पदार्थ असला तरी ओट, मसूर आणि कडधान्यांचा शाकाहारी हॅगिसही मिळतो व तो मिरपुडीमुळे आपल्या तोंडाला बरा लागतो. सकाळी ओटची लापशी, दुपारी गावातील सुपरमार्केटमधून घेतलेले सँडविच व फळे आणि रात्री भाजलेला बटाटा किंवा भारतीय उपाहारगृह असे केल्यास पैसेही वाचतात. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे, बाटल्या विकत घेऊ नयेत.

घरून काय न्यावे, हा तर आपल्या सर्वांचा जिव्हाळ्याचा विषय. सर, कंदी पेढे नेण्याचा मोह आवरा. भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेण्यास मनाई आहे, त्यामुळे पेढे, बर्फी आणि तुपातले लाडू घरीच ठेवावेत. आमच्या सांगलीचे भडंग, बेदाणे आणि शेंगदाण्याची चटणी मात्र खुशाल न्या. चटणीचा डबा नीट बंद केलेला असावा, नाहीतर सगळ्या कपड्यांना लसणाचा वास लागतो.

आणखी एक. मे महिन्याच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत पश्चिम भागात मिज नावाची बारीक चावरी चिलटे असतात. वारा पडला आणि हवा दमट असली की संध्याकाळी ती थव्याने येतात. अंगाला लावायचे औषध तेथील औषधाच्या दुकानातच घ्यावे. जून ते ऑगस्टमध्ये त्यांचा त्रास सर्वांत अधिक असतो, म्हणून मे महिन्याचा पूर्वार्ध मला सर्वांत सुखाचा वाटतो. त्या दिवसांत उजेडही रात्री नऊपर्यंत असतो.

यवतेश्वरी, सातारा

सर, मी थोडा वेगळा विचार मांडतो. एडिंबऱ्याहून एका दिवसात लॉख नेस दाखवून परत आणणाऱ्या सहली पुष्कळ आहेत आणि त्या स्वस्तही आहेत, परंतु त्यांचा दिवस सुमारे बारा तासांचा असून त्यातील बहुतांश वेळ गाडीतच जातो. ग्लेन्कोच्या दरीत वीस मिनिटे, फोर्ट ऑगस्टसला जेवणापुरते, सरोवरावर तासभर आणि पुन्हा गाडी. गुडघ्यांना चढण जितकी बाधते तितकेच तासन् तास वाकवून बसणेही बाधते.

त्यापेक्षा एडिंबऱ्याहून रेल्वेने साडेतीन तासांत इन्व्हरनेसला जावे, तेथे तीन-चार रात्री एकाच खोलीत राहावे आणि तेथूनच एकेका दिवसाच्या छोट्या गटाच्या सहली घ्याव्यात. लॉख नेस शहरापासून थोड्याच अंतरावर आहे. १६ एप्रिल १७४६ रोजी जेथे जॅकोबाइट सैन्याचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या पक्षाचा, पराभव झाला ते कलोडनचे मैदानही जवळच आहे आणि इतिहासाच्या शिक्षकाला तेथे अर्धा दिवसही अपुरा पडेल. मैदान सपाट असल्याने आपल्या पत्नीलाही सहज फिरता येईल. स्काय बेटाची एका दिवसाची सहल इन्व्हरनेसहून एडिंबऱ्याच्या मानाने पुष्कळ सुसह्य होते, कारण स्कायवरील पोर्ट्री हे गाव तेथून अडीच-तीन तासांवर आहे. रोज सामान बांधण्याचा व्यापही वाचतो.

काटकसरीचा आणखी एक मार्ग आहे. ग्लेनफिनन येथील २१ कमानींच्या रेल्वेपुलावरून जाणारी वाफेची गाडी जगभर प्रसिद्ध असल्याने तिचे तिकीट महाग असते व महिनोन् महिने आधी संपते. परंतु त्याच रुळांवरून, त्याच पुलावरून फोर्ट विल्यम ते मॅलेग अशी स्कॉटरेलची साधी गाडीही धावते आणि तिचे भाडे त्या मानाने फारच कमी आहे. आतून पूल तोच दिसतो.

हरिपूरकर, सांगली

यवतेश्वरींचा इन्व्हरनेसचा मुद्दा मला लॉख नेस आणि कलोडनपुरता पटतो, स्कायबाबत पटत नाही. स्कायला रात्र काढलीच पाहिजे. दिवसाच्या सहलीतील सगळ्या गाड्या दुपारी एकाच वेळी ओल्ड मॅन ऑफ स्टॉर या सुळक्याच्या पायथ्याशी आणि क्विरँगच्या खिंडीत पोहोचतात, त्यामुळे वाहनतळावर आपल्याकडच्या शनिवार-रविवारसारखी गर्दी होते. पोर्ट्रीत मुक्काम करणारी गाडी सकाळी लवकर निघते आणि मग ते कडे आपल्याला मोकळे मिळतात. चालक आणि पाहुणे यांच्यात दुसऱ्या दिवशी जी मोकळीक येते, तीही एका दिवसाच्या सहलीत येत नाही. आमचा चालक पहिल्या दिवशी पाठ केलेले बोलत होता, ग्लेन्कोमध्ये १३ फेब्रुवारी १६९२ च्या पहाटे पाहुणे म्हणून राहिलेल्या सैनिकांनीच मॅकडोनल्ड घराण्यातील सुमारे ३८ जणांची कत्तल कशी केली, वगैरे. दुसऱ्या दिवशी मात्र ओसाड खोऱ्यातल्या दगडी घरांच्या जोत्यांपाशी त्याने गाडी थांबवली आणि मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमीनदारांनी अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत कुळांना कसे हुसकून लावले, हे तो बराच वेळ सांगत राहिला. हे डोंगर इतके रिकामे का, याचे उत्तर तेथे मिळते. धरणात गाव गेलेल्या कोयनेकाठच्या माणसाला ती जोती पाहून काय वाटेल, हे मी सांगायला नको.

स्टॉरच्या कड्यापर्यंत चढण आहे, ती वहिनींनी टाळावी. खालच्या वाहनतळावरूनही तो सुळका दिसतो. क्विरँगला गाडी थेट खिंडीपर्यंत जाते आणि आयलन डोनन किल्ला बाहेरून, पाण्याच्या अलीकडून पाहिला तरी समाधान होते.

माहुलीकर, सातारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पत्नीने काकूंचे उत्तर वाचून मे महिन्याचा पूर्वार्ध निश्चित करून टाकला आहे. आता आमचा विचार असा होतो आहे की, एडिंबऱ्यात दोन रात्री, तेथून बी अँड बीच्या मुक्कामासह तीन दिवसांची स्काय सहल आणि त्यानंतर रेल्वेने इन्व्हरनेस किंवा पुन्हा एडिंबरा. माल्कम व ग्रँट डफ यांच्या गावांविषयी कोणी लिहिले तर उरलेल्या दिवसांचे ठरवता येईल.

वाईकर

ही दोन्ही गावे मिनीबसच्या नेहमीच्या मार्गांवर नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी स्वतंत्र दिवस काढावा लागेल.

ग्रँट डफचा जन्म १७८९ साली बॅन्फ येथे झाला. ते ईशान्य किनाऱ्यावरचे समुद्राकाठचे गाव असून तेथे रेल्वे जात नाही, ॲबर्डीनहून बसने जावे लागते. आपण इन्व्हरनेसला राहणार असाल तरी तो दिवस दगदगीचा होईल आणि खास त्याच्यासाठी जावे, असे मी सुचवणार नाही.

माल्कमचे मात्र जमण्यासारखे आहे. १७६९ साली त्याचा जन्म दक्षिणेकडील लँगहोम गावाजवळच्या बर्नफूट येथे झाला. १८२७ ते १८३० या काळात तो मुंबईचा गव्हर्नर होता आणि छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी झालेल्या करारानंतर महाबळेश्वरचे गिरिस्थान उभे राहिले ते त्याच्याच कारकिर्दीत. लँगहोमच्या वरच्या व्हिटा टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ १८३५ साली उभारलेला सुमारे १०० फूट उंचीचा दगडी स्तंभ आहे आणि तो खालच्या गावातूनही दिसतो, म्हणजे टेकडी न चढता वहिनींनाही तो पाहता येईल.

एडिंबऱ्याहून २०१५ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या बॉर्डर्स रेल्वेने सुमारे तासाभरात गॅलाशील्सला उतरावे आणि तेथून हॉइकमार्गे कार्लाइलकडे जाणारी बस धरावी, ती लँगहोमला थांबते. बसफेऱ्या विरळ असल्यामुळे परतीची वेळ सकाळी निघतानाच पाहून ठेवावी आणि रविवार टाळावा. टेकडीवर जाणार असाल तर वर पाणी किंवा आडोसा मिळणार नाही, तेव्हा जाकीट आणि काकूंनी सुचवलेले भडंग बरोबर असू द्या.